आधी फोटो

बाबा चावतात, असं गंधार म्हणाला तेव्हा मी त्याच्या अंगावर स्टीलचा डबा फेकून मारला. नेम चुकला, भिंतीचा पोपडा उडाला.

"लाज नाही वाटत? आपले बाबा आहेत ते!"

त्याने बाही वर केली. दंडावर दातांची काळीनिळी खूण होती, वरचे दात, खालचे दात, सगळे मोजता येतील अशी. तरी मी म्हटलंच, "तूच काहीतरी केलं असशील."

माझं डोकं फिरलं की फिरतं. कामावर सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. माउंट वेलिंग्टनला एका वर्कशॉपमध्ये मी जुनी चित्रं जतन करते. काडीला कापूस गुंडाळायचा, जरासा ओला करायचा आणि अख्ख्या दिवसात तळहाताएवढा मळ काढायचा. तिथे सगळे मला 'पेशंट इरा' म्हणतात. म्हणोत बापडे.

गंधार माझा धाकटा भाऊ, ईस्ट टामाकीत इंजिनिअर. आई गेल्यावर बाबांना पुण्याहून इकडे परदेशात त्यानेच आणलं. ते विसरायला लागले तेव्हा फॅमिली कोर्टाने त्यालाच त्यांचा वेलफेअर गार्डियन नेमलं. म्हणजे बाबा कुठे राहणार, कुठली औषधं घेणार, हे ठरवणार तो. आता तीन वर्षं झाली, ऑर्डर रिव्ह्यूला आली आणि हा म्हणाला, बाबांना केअर होममध्ये ठेवू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरळ अर्ज केला. गार्डियन मला करा, बाबा माझ्या घरी राहतील.

"तुला नाही जमायचं, ताई," गंधार म्हणाला.

"का? जन्मभर जपण्याचंच तर काम करतेय मी."

"चित्रांचं. चित्राला तू विचारतेस का, बाई, तुला काय हवंय? ते गप पडून असतं. मला रोज विचारावं लागतं. आणि ते नको म्हणाले की ते ऐकावंही लागतं. कायदाच आहे तसा."

"एवढं विचारतोस तर केअर होमला काय म्हणाले?"

तो गाडीची किल्ली शोधायला लागला. जिंकले, असं वाटलं मला.

कोर्टाने बाबांसाठी स्वतंत्र वकील दिली होती. मरामा नावाची, शांत, जाड चष्म्याची बाई. ती म्हणाली, आठवडाभर त्यांना तुझ्याकडे राहू दे, मग मी त्यांनाच विचारते. आठवडा! मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना?

दुसऱ्याच दिवशी बाबांनी पायातली जांडल, म्हणजे रबरी चप्पल, काढून फाडकन माझ्या तोंडावर मारली. का, तर मी त्यांना एकट्याला डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, जाऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी उकळत्या आमटीचं पातेलं ढकललं, माझ्या पायावर फोड आले. गंधारचा फोन आला की मी सांगायची, "मजेत आहेत. तुझ्याकडे कोमेजले होते नुसते." रात्री फोडांना मलम लावताना मी रडायची आणि त्या रडण्याचाही मला राग यायचा.

पाचव्या दिवशी दुपारी मी चहा टाकत होते. बाहेरच्या खोलीतून खरवडल्याचा आवाज आला.

त्या खोलीत आईचं चित्र होतं. बाबा पुण्याला शाळेत ड्रॉइंग शिकवायचे तेव्हा त्यांनीच काढलेलं, हिरव्या साडीतलं. पुण्याहून येताना ते बुरशीने खाल्लं होतं. चौदा महिने दर रविवारी मी त्यावर खपले होते. आईचा चेहरा मी कणाकणाने परत आणला होता.

बाबा खुर्चीवर चढले होते आणि भाजीच्या सुरीने आईचे ओठ खरवडत होते.

"बाबा! सुरी द्या इकडे."

"तोंड चुकलंय," ते म्हणाले. "सरला असं हसायची नाही. काढून परत करतो."

"द्या म्हणते ना!"

"तू कोण गं? चित्र माझं आहे."

होतं ना त्यांचंच. बायकोही त्यांची, हसणंही त्यांनाच ठाऊक. गंधार असता तर म्हणाला असता, फाडू देत. पण बाबांनी सुरीचं टोक आईच्या गालात खुपसलं आणि खाली ओढलं. कापड फाटत गेलं, गळ्यापर्यंत. मग मला काही दिसेना. मी झेपावले, त्यांचं मनगट धरलं आणि पिळलं. त्यांनी माझ्या खांद्याचा लचका तोडला. मी सोडलं नाही, आणखी पिळलं. वाळकी काटकी मोडावी तसं काहीतरी माझ्या मुठीत मोडलं. सुरी पडली. बाबा खुर्चीवरून कोसळले, टेबलाचा कोपरा भुवईत घुसला.

आता पुढचं सांगते. सांगायलाच हवं.

मी फोन काढला आणि चित्राचे फोटो काढायला लागले. समोरून, डावीकडून, फाटलेल्या जागेशी पट्टी धरून. अठरा वर्षांची सवय. काही बिघडलं की कशालाही हात लावायचा नाही, आधी फोटो. बाबा खाली कण्हत होते, उठायला बघत होते. मी त्यांना काय म्हटलं माहितीये? "बाबा, हलू नका, सावली पडतेय." अकरा फोटो काढले. रक्त माझ्या पायाला ओलं लागलं तेव्हा कुठे अँब्युलन्ससाठी एकशे अकरा फिरवला.

हॉस्पिटलमध्ये मी सांगितलं, खुर्चीवरून पडले. वयस्कर माणूस, कुणी शंका घेतली नाही. गंधार धावत आला. नक्की किती वाजता फोन केला ते बघायला त्याने माझा मोबाइल घेतला, त्यावर फोटोच उघडे होते, ते बघत गेला. एकेक करून अकराही.

"सगळे चित्राचे," तो म्हणाला. "बाबा कुठेयत यात?"

शेवटच्या फोटोत खाली कोपऱ्यात त्यांचा पंजा आला होता, भलत्याच दिशेला वळलेला. गंधारने कॉरिडॉरमध्ये सगळ्यांदेखत माझ्या कानफटात ठेवून दिली. कान सुन्न झाला. सिक्युरिटीवाला त्याला धरून बाहेर घेऊन गेला आणि मला विचारत राहिला, "यू ओके?" मी मान हलवली. मनगट मी मोडलंय, हे गंधारलासुद्धा ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मरामा वॉर्डात आली. "किया ओरा," असा इथला नमस्कार करत तिने बाबांच्या पलंगाशी खुर्ची ओढली. दुभाष्या फोनवर यायला वेळ होता. ती मला म्हणाली, पडणं कुणाच्याही घरी होतं, त्यावरून मी तुझ्याविरुद्ध मत देणार नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी तिचा हात दाबला. बाबा येणार होते माझ्याकडे.

"दुखतंय का, तेवढं विचार त्यांना," ती म्हणाली.

मी वाकले. "बाबा, दुखतंय का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भुवईवर टाके, हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. चांगल्या हाताने त्यांनी माझी बोटं धरली.

"सिस्टर, हळू बोला हो," ते म्हणाले. "माझी मुलगी इथेच असेल. हात तिने मोडला. मी सांगितलं असं सांगू नका तिला. तशी गुणाची आहे. पण फार मारते. मला तिच्याकडे नका पाठवू. मुलाला बोलवा, मी नाही चावणार त्याला."

"काय म्हणतायत?" मरामाने विचारलं.

दुखतंय म्हणतायत, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्या खोलीत मराठी कळणारी मी एकटी. बाबा माझ्याकडे बघत होते, सिस्टर आपलं काम करेल अशा खात्रीने.

मी पहिल्यापासून सांगितलं, एकही शब्द न गाळता. आणि ती मुलगी म्हणजे मीच, हेही सांगितलं.