दीड इंच

धाकटीने आरशासमोर ड्रेसचा घेर दोन्ही हातांनी वर उचलला.

“ताई, पायात येतोय. मुद्दाम केलंस ना?”

थोरलीने तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. अठ्ठावीस वर्षं ती लोकांचे कपडे शिवत होती. तिच्या कात्रीला नावं ठेवायची हिंमत गिऱ्हाइकांत कुणाची नव्हती, ती घरच्यांचीच.

“तीन वर्षांपूर्वीच्या मापाने शिवलाय. वहीत बघ.”

धाकटी उंच, थोरली घरातली ‘बुटकी’. थोरलीने हौसेने शिवलेला पहिला फ्रॉकसुद्धा धाकटीच्या अंगावर गेला, कारण आई म्हणाली, हिला लांब कपडा शोभतो. पुढे धाकटीला ल्युपस, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटणारा आजार, झाला आणि आईचं उरलंसुरलं लक्षही तिच्या गोळ्यांकडे नि सुजलेल्या सांध्यांकडे गेलं. आजाराचाही हेवा वाटावा याची थोरलीला लाज वाटे, पण वाटायचा तो वाटायचाच.

“उभी राहा नीट,” तिने टेप खांद्यापासून घोट्यापर्यंत सोडली. दीड इंच कमी भरलं. “पोक काढू नकोस.”

“नाही काढत. हल्ली एवढीच सरळ होते मी.”

पुन्हा मोजलं. तेवढंच.

थोरलीने आरशात पाहिलं. चपला दोघींच्याही दाराशी होत्या आणि दोघींचे खांदे एका रेषेत आले होते. तिला आनंदाची उकळी फुटली. खोटं कशाला बोला, फुटलीच. आई हवी होती बघायला, असंही मनात येऊन गेलं.

मग धाकटीला शिंक आली आणि तिने कळवळून शिलाई मशीनची कड पकडली.

“काय गं?”

“काही नाही. पाठ. वर्ष झालं असेल.”

“डॉक्टरांना सांगितलंस?”

“ते मागेच म्हणाले होते, या आजाराने आणि स्टेरॉइडने हाडं झिजतात, तपासणी करून घ्या. राहिलीच.”

“आणि मला? मला का नाही बोललीस?”

धाकटी घेराची चुणी बोटांनी सरळ करत राहिली.

“माझ्या दुखण्याचा विषय निघाला की तू उठून जातेस ना ताई. लहानपणापासून. मग बोलायची सवयच गेली.”

म्हणजे ते दीड इंच पाठीच्या झिजलेल्या मणक्यांत गेले होते, हे थोरलीच्या आता लक्षात आलं. तिने खडूच्या डबीखालचा कागद ओढला, दोन्ही मापं तारखांसकट लिहिली आणि घडी करून धाकटीच्या पर्समध्ये घातली.

“हे डॉक्टरांना दाखवायचं. आत्ता निघू. मी येते.”

“दुकान?”

“बंद करते.”

“आणि ड्रेस? छोटा करशील ना?”

“नाही,” थोरली म्हणाली. “घरातली उंच तूच. वहीतलं मापही तसंच राहील.”

कपडे बदलून धाकटी दाराशी आली आणि चपलांसाठी वाकू लागली.

“थांब, वाकू नकोस,” म्हणत थोरली खाली बसली आणि एकेक चप्पल तिने धाकटीच्या पायात सरकवली.