उत्तर जुळवून घेणारे

“सर, अठरा मोठे की दोन?”

शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात, गणिताच्या तासाला, उभं राहून आणि खणखणीत आवाजात हा प्रश्न विचारायचा, अशी पैज लागली होती. पैज लावली पट्टीने. पट्टी म्हणजे वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी, दरवाजातून येताना मान वाकवणारी. आणि विचारणारी होती टकळी. तिचं हे नाव का पडलं ते सांगायची गरज नाही. ज्यांनी तिच्या शेजारी अर्धा तास काढलाय त्यांना ते कळतंच.

मागच्या बाकांवर खुदखुद सुरू झाली. सरांनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला.

“हा बालवाडीचा वर्ग आहे का?”

“नाही सर. पण उत्तर हवंय.”

“अठरा मोठे. बस खाली.”

“मग सराव परीक्षेतल्या सातव्या प्रश्नात सगळ्यांत मोठी किंमत दोन कशी आली सर?”

खुदखुद थांबली. पैज फक्त पहिल्या प्रश्नाची होती. दुसरा टकळीने पदरचा घातला होता.

ज्यांचं गणिताशी वाकडं आहे त्यांनी घाबरून पान उलटू नये, गोष्ट अगदी सोपी आहे. प्रश्नात एक फल, म्हणजे फंक्शन, दिलं होतं: एक्सचा घन वजा तीन एक्स. उणे दोनपासून तीनपर्यंत त्याची सगळ्यांत मोठी किंमत काढा, चार गुण. असं समजा की हा एक रस्ता आहे. सुरुवातीला तो एका छोट्या टेकाडावर चढतो, मग खाली उतरतो आणि शेवटी जो सुसाट वर जातो तो संपेपर्यंत थांबत नाही. विकलन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, काढून ते शून्याबरोबर मांडलं की टेकाडाचा माथा सापडतो. तिथली उंची दोन. पण रस्ता जिथे संपतो तिथे एक्सच्या जागी तीन घाला. सत्तावीस वजा नऊ. अठरा!

सगळ्यांच्या हाती असलेला सराव संच, म्हणजे सोडवायच्या उदाहरणांचं पुस्तक, ज्याने तयार केला तो टेकाडावर चढला, दमून तिथेच बसला आणि याहून उंच काही नाही असं छापून मोकळा झाला. संचाच्या शेवटच्या पानावरच्या उत्तरसूचीत, सातव्या प्रश्नापुढे, ठसठशीत अक्षरात दोन. सराव परीक्षेतला प्रश्न जसाच्या तसा त्या संचातूनच उचललेला. वर्गातल्या त्रेचाळीस जणांपैकी काहींनी तो सोडून दिला, एक वगळता बाकी सगळ्यांनी दोन लिहिलं. एकीने अठरा लिहिलं. तिला शून्य मिळालं.

“उत्तरसूचीत दोन आहे,” सर म्हणाले. “उत्तरसूचीत जे असतं ते उत्तर. पुढचं उदाहरण घ्या.”

अठरा लिहिणारी ती एकटी मुलगी म्हणजे मुंगी. अंगाने बारीक, बोलायला कमी, आणि एकदा उदाहरणाच्या मागे लागली की सोडायची नाही. तिला पुढे जमिनीची मोजणी आणि नकाशे शिकायचे होते, आणि त्या शिक्षणाला गणित लागतंच. शाळेचा नियम असा की सराव परीक्षेत शंभरातले साठ मिळाले तरच अंतिम परीक्षेला गणिताचा अर्ज भरता येतो. त्याखालच्यांनी दुसरा विषय घ्यायचा. शाळेचा निकाल चांगला दिसावा म्हणून ही चाळण. मुंगीला सत्तावन्न पडले होते. ते चार गुण मिळाले असते तर एकसष्ट.

मधल्या सुट्टीत त्या तिघी जिन्याच्या पायऱ्यांवर बसल्या. मुंगीने वही उघडून दाखवली. तेच उदाहरण सात वेळा सोडवलं होतं. सहा वेळा अठरा आलं होतं. सातव्या वेळी मध्येच एक चिन्ह बदलून दोनाकडे जायचा प्रयत्न केलेला, आणि तो खोडलेला.

“हे काय केलंस?” टकळीने विचारलं.

“माझंच कुठेतरी चुकत असेल,” मुंगी म्हणाली. “छापलेलं कसं चुकेल? मी म्हणते, जाऊ दे. दुसरा विषय घेते.”

“जाऊ दे? अगं, तुझं बरोबर आहे!”

“बरोबर असतं तर तुम्हा सगळ्यांचं दोन कसं आलं?”

पट्टी बुटाची नाडी बांधायला लागली. ती आधीच बांधलेली होती. टकळीही गप्प झाली, आणि टकळी गप्प होते म्हणजे काय ते तिच्या घरच्यांना विचारा.

वाचकहो, राग कशाचा यावा ते नीट समजून घ्या. गुण गेले याचा तर यावाच. पण जिचं बरोबर होतं तिनेच स्वतःच्या वहीत चूक शोधत बसावं, आणि ज्यांचं चुकलं त्यांनी पाठ थोपटून घ्यावी, याची जास्त चीड यायला हवी. सतराव्या वर्षी एका हुशार मुलीला आपण काय शिकवलं? की स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, मागचं पान बघ.

शाळा सुटल्यावर टकळी मुंगीला जवळजवळ ओढतच शिक्षकांच्या खोलीत घेऊन गेली. सर एकटेच होते. टेबलावर कपाटाच्या किल्ल्या, अर्धा चहा आणि तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा.

“आलात?” सर म्हणाले. “मला वाटलंच होतं.”

टकळीने एका दमात सगळं सांगितलं: टेकाड, टोक, सत्तावीस, नऊ. सरांनी मध्ये तोंड घातलं नाही. मग ते म्हणाले, “मला विकलन शिकवू नकोस. अठराच आहे. तीन वर्षांपासून माहीत आहे मला.”

मुंगीने पहिल्यांदाच मान वर केली. “मग सर, मला शून्य?”

“पेपर सूचीप्रमाणे तपासायचे असा वरून आदेश आहे. मी एकाला अठरावर गुण दिले तर दोन लिहिणाऱ्या सगळ्यांचे कापायला लागतील. साठच्या वरच्यांची यादी कार्यालयात गेली, सूचनाफलकावर लागली. पालक काय मला सुखाने जगू देतील? एका मुलीसाठी त्रेचाळीस पेपर पुन्हा उघडू?” त्यांचा आवाज जरा खाली आला. “मी वर्गात सांगतो ना, उत्तर आधी बघा आणि त्याच्याशी जुळवून घ्या म्हणून. तू का नाही ऐकलंस? परीक्षेत शहाणपण चालत नाही पोरी.”

“अठरा आलं, म्हणून अठरा लिहिलं,” मुंगी म्हणाली. आणि दप्तर उचलून निघून गेली.

घरी पोचेपर्यंत टकळीच्या डोक्यात नुसती तिडीक उठत होती. आई दवाखान्यातून यायची होती, बाबा चष्म्याच्या दुकानात. घरात मावशी होती. ही मावशी, आईची धाकटी बहीण, शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते. रोज नळाच्या पाण्याचे नमुने तपासायचे आणि आकडे नोंदवायचे. ती भाजी निवडत बसली होती. टकळीने दप्तर भिरकावलं आणि सरांचा उद्धार सुरू केला. भित्रे, आळशी, खुर्चीला चिकटलेले, मूग गिळून बसलेले, अशी एकेक विशेषणं येत राहिली आणि मावशी एकेक देठ तोडत राहिली.

“झालं?” तिने शेवटी विचारलं.

“नाही. अजून आहे.”

“ठेव उरलेलं. मी सांगते ते ऐक. आमच्याकडे एका टाकीच्या पाण्याचा आकडा महिनोन्‌महिने तोच यायचा. एक दिवस मी मोजला तर भलताच आला. शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, मागचा महिना बघ आणि जुळवून टाक, उगाच कशाला डोक्याला ताप. मी म्हटलं, असं जुळवतोयस कधीपासून? तर म्हणे, ज्याच्याकडून काम घेतलं तोही जुळवायचा.”

“म्हणजे कोणी मोजतच नव्हतं?”

“कोणीच नाही. आणि त्या टाकीचं पाणी दोन शाळा पीत होत्या. आता मला सांग, त्यात वाईट माणूस कोण? कोणीच नाही गं. सगळे चांगले. घरी पोरांचे लाड करणारे. फक्त आधी आकडा ठरवायचे आणि मग मोजल्यासारखं करायचे. ही सवय त्यांना नोकरीत लागली असं वाटतं तुला?”

टकळीने नकारार्थी मान हलवली.

“शाळेत लागली,” मावशी म्हणाली. “मागच्या पानावर बघून पायऱ्या रचायला शिकलेली मुलंच पुढे पूल बांधतात, औषधं मोजतात, पाणी तपासतात.”

“तेच तर म्हणतेय मी! सरांनी...”

“सरांचं राहू दे. तू काय लिहिलंस?”

“कशात?”

“सातव्या प्रश्नात. वर्गात एकीनेच अठरा लिहिलं म्हणालीस. ती तू नव्हेस.”

टकळीचा चेहरा कानापर्यंत तापला. ती उठली, दप्तरातून पेपर काढला आणि मावशीच्या मांडीवर ठेवला. पेपरावर बासष्ट गुण. सातव्या प्रश्नात सगळ्या पायऱ्या व्यवस्थित, शेवटी अठरा लिहिलेलं, त्यावर एक आडवी रेघ आणि खाली दोन. बाजूला लाल शाईत पूर्ण चार.

“तुलाही अठरा आलं होतं,” मावशी म्हणाली.

“हो. पण मला आठवलं की मागच्या पानावर दोन आहे. मला वाटलं... मला काही वाटलंच नाही. खोडलं.”

“आणि चूक खोडून बरोबर केल्यासारखं हायसं वाटलं असेल.”

“हो.”

मावशी हसली नाही आणि रागावलीही नाही. टकळीला दोन्हीपैकी काहीतरी चाललं असतं.

“मी आता काय करू?” तिने विचारलं. “मुंगीचा पेपर घेऊन मुख्याध्यापिकाबाईंकडे जाते. सगळ्यांसमोर सांगते.”

“जा की. बाई म्हणतील, काठावर नापास झालेल्या मुलीचे गुण वाढवून मागायला आलीस. रोज दहा येतात. बाहेरचा शिपाईसुद्धा त्यांना तेच सांगेल.”

“मग?”

“गुण वाढवून मागणारे पुष्कळ असतात. गुण कमी करून मागणारी आली, तर बाईंना खुर्ची पुढे ओढून बघावंच लागेल, हे काय प्रकरण आहे ते.” मावशीने पेपरावरच्या त्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं. “आणि याच्याइतका पुरावा तुझ्या मैत्रिणीकडे नाही. इथे बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहिलंय आणि त्याला पूर्ण गुण मिळालेत. याच्यावर कोणी काय बोलणार?”

टकळीने मनातल्या मनात वजाबाकी केली. बासष्ट वजा चार. अठ्ठावन्न. साठच्या खाली म्हणजे तिचाच अर्ज अडणार. तिला आणि तिच्या बाबांना ज्या यादीचा इतका अभिमान वाटत होता त्या यादीतून तिचं नाव जाणार.

“मावशी, मी नाही गेले तर?”

“तर काही होणार नाही,” मावशी म्हणाली. “भाजी शिजेल, उद्या शाळा भरेल. असं काही न झाल्यामुळेच तर हे सगळं चालतं.”

टकळीने पेपर मावशीच्या मांडीवरून उचलला. सरांना तिने दिवसभर काय काय म्हटलं होतं ते तिला एकेक करून आठवायला लागलं. सरांना खरं माहीत होतं आणि त्यांनी ते दाबलं. तिलाही खरं माहीत होतं. सरांना नोकरीची धास्ती होती, पालकांची भीती होती. तिला कसली भीती होती? चार गुणांची. सरांवर चिडायचा तिला हक्क होता, पण तो वापरायच्या आधी स्वतःचा हिशोब चुकता करायला हवा होता. ती टेबलाशी बसली आणि तिने अर्ज लिहायला घेतला. तीन कागद फाडले. चौथा ठेवला.

वाचकहो, तुमच्या कार्यालयात, कारखान्यात, घरात अशी मागची पानं असतील. वरिष्ठांना हवा तो अहवाल, मागच्या वर्षी भरला तोच आकडा, सगळे म्हणतात तेच मत. उत्तर आधी ठरवायचं आणि पायऱ्या नंतर रचायच्या, यात आपण कोणाची चोरी केली असं आपल्याला वाटत नाही. पण प्रत्येक वेळी कुठेतरी एक मुलगी प्रामाणिकपणे सोडवलेलं उदाहरण पुन्हा पुन्हा तपासत बसलेली असते, आणि आपण तिला एकटीला सोडतो. छापलेलं चुकतं. सगळे मिळूनही चुकतात. ते दिसल्यावर सांगणं हा उद्धटपणा नाही, ते नागरिकाचं काम आहे. आणि त्याची सुरुवात दुसऱ्याच्या चुकीपासून नाही, आपल्याला झालेल्या फायद्यापासून करायची असते.

संध्याकाळी आई आली, पाठोपाठ बाबा आले. बाबांच्या बोटांना काचा घासायच्या पावडरीचा पांढुरका थर होता. “आज दुकानात सगळ्यांना सांगितलं,” ते हात धुताधुता म्हणाले. “म्हटलं, आमच्या पोरीला बासष्ट. गणितात.”

“बाबा, बसा ना जरा. आई, तूही बस.”

“काय झालं गं?” आईने पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नव्हती. “कोणी काही बोललं का?”

“नाही. मलाच बोलायचंय.” टकळी उभीच राहिली. तिने पेपर आणि अर्ज दोन्ही टेबलावर ठेवले. एरवी तिच्या तोंडातून शब्द धक्काबुक्की करत बाहेर पडायचे. आज ती एकेक शब्द जपून उच्चारत होती.

“मला बासष्ट नाहीत. अठ्ठावन्न आहेत. सातव्या प्रश्नाचं बरोबर उत्तर मी खोडलं आणि मागच्या पानावरचं चुकीचं लिहिलं. ज्या मुलीने बरोबर लिहिलं तिला शून्य मिळालंय. उद्या सकाळी मी मुख्याध्यापिकाबाईंना हा अर्ज देणार आहे, की माझे चार गुण कापा आणि तिचे चार तिला द्या. माझं नाव यादीतून जाईल. फेरपरीक्षा मागेन. नाही मिळाली तर वर्षभर थांबेन, पण गणित सोडणार नाही. तुम्हाला विचारत नाहीये मी. सांगतेय.”