पाळकबाईंची राखण

पाळकबाईंचा त्या प्लंबरवर पहिल्या दिवसापासून डोळा होता. आता तुम्हीच सांगा, पवित्र भूमीच्या यात्रेला निघालेला माणूस बॅगेत पान्हे घेऊन येतो का? हॉटेलात पाय ठेवतो न ठेवतो तोच त्यानं जिन्याजवळचा गळका नळ दुरुस्त करून टाकला. बाईंनी हटकलं तर म्हणतो, "सवय आहे हो." सवय कसली डोंबलाची! हा प्रार्थनेला नव्हे, नोकरी बघायला आलाय, हे बाईंनी तिथल्या तिथे ताडलं.

बरं, ही भीती काही उगीच नव्हती. अशा यात्रांमधून माणसं सटकतात. तिथेच राहून कुणी नळ जोडतं, कुणी परक्या घरच्या म्हाताऱ्यांची सेवा करतं, आणि परत आलेल्यांच्या नाकी नऊ येतात. या गटासाठी बाईंचे यजमान, चर्चचे पाळकसाहेब, स्वतः जामीन राहिले होते. एक माणूस जरी कमी परतला असता तर त्यांची पाळकी धोक्यात, आणि पुढच्या वर्षीच्या आशेवर बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा व्हिसा कायमचा बंद. प्रभू ज्या तळ्याच्या पाण्यावरून चालला, ज्याची गाणी जन्मभर गायली, ते तळं न बघताच ते सगळे गेले असते.

म्हणून बाईंनी राखण धरली. बसमध्ये प्लंबरच्या मागची जागा त्यांची. होडीत बसताना त्याच्या शेजारी त्या. नदीवर सगळे गुडघाभर पाण्यात उभे राहून रडत होते, तेव्हा बाई काठावर त्याच्या चपलांपाशी बसून होत्या. अनवाणी कुठवर पळणार?

"गाणं लागलं की नुसते ओठ हलवतो मेला," त्या नणंदेच्या कानात पुटपुटल्या. "चर्चचं तोंड तरी बघितलंय का यानं?"

"नाही बघितलं. आई यायची त्याची, ती मागच्या महिन्यात वारली. तिच्या जागेवर तो आलाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी विचारलं त्याला."

"आणि तुझा विश्वास बसला! भोळी गं बाई तू, अगदीच भोळी."

नणंद म्हणजे पाळकसाहेबांची धाकटी बहीण. तिचं लग्न कुठे जमत आलं की आईचं दुखणं उचल खायचं, आणि जमलेलं मोडायचं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून मातीत जाईपर्यंत त्यांचं सगळं हिनंच केलं. शिवाय पाळकांच्या घरचा स्वयंपाक, आला-गेला, सगळं हिच्याच गळ्यात. कधी हूं नाही की चूं नाही. गटातल्या सगळ्यांचे पासपोर्ट ज्या बटव्यात होते, तो बाईंनी तिच्याच कमरेला बांधला होता. दुसऱ्या कुणाचा काय भरवसा?

फिरण्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी नाश्त्याला नणंदेनं सहज विचारलं, "वहिनी, घरी गेल्यावर काय काय आहे हो?"

बाईंचं लक्ष जिन्याकडे. प्लंबर चक्क बॅग खांद्याला लावून उतरत होता. परतीचं विमान उद्याचं, मग आज बॅग कशाला? "काय असायचंय? पडदे धुवायला काढू," त्या म्हणाल्या. "आणि हो, माझ्या आईला आणायचीय आपल्याकडे. तिचं उठणंबसणं बंदच झालंय गं. तू आहेस म्हणून मला घोर नाही. तुझा हात बसलाय."

"हो का," नणंद म्हणाली. जरा वेळानं तिनं कमरेचा बटवा सोडला. "आज हा तुम्ही बांधा. माझी कंबर धरलीय."

बाईंनी तो न उघडताच बांधला. प्लंबर दाराकडे निघाला होता ना!

त्या दिवशीचं शेवटचं ठिकाण म्हणजे प्रभूनं पकडला जाण्याआधी जिथे रात्रभर प्रार्थना केली ती जैतुनाच्या झाडांची बाग. पाळकसाहेबांनी हात उंचावून प्रार्थनेला सुरुवात केली. सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या. बाई कुठल्या मिटायला! प्लंबर बॅगेची चेन उघडत होता. आता सापडतोस बेट्या, असं मनात म्हणत त्या टाचांवर उभ्या राहिल्या.

त्यानं बॅगेतून एक जुना चष्मा काढला. बायकी, एका काडीला दोरा बांधलेला. तो पदरानं पुसावा तसा शर्टानं पुसला, झाडांकडे तोंड करून कठड्यावर ठेवला, आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तोंड फिरवलं, आणि फाटकाकडे जाणारी नणंद त्यांना दिसली. रस्त्याच्या कडेला एक गाडी उभी होती. एका अनोळखी बाईनं आतून दार उघडून धरलं होतं.

बाईंचा हात बटव्यावर गेला. हाक ओठांवर आली. तेवढ्यात नणंदेनं मागे वळून पाहिलं. ती पळाली नाही. जागच्या जागी उभी राहिली आणि वहिनीकडे बघत राहिली.

आता माझ्या आईचं कोण करणार, हा बाईंच्या मनात आलेला पहिला विचार. साहेबांची पाळकी नाही, गटाची अब्रू नाही, पहिला हा! आपण असल्या आहोत? बाईंना स्वतःची शिसारी आली.

पाळकसाहेब तिकडे पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी प्रार्थना करत होते. पेटी वाजवणाऱ्या आजोबांसाठी. घंटा वाजवणाऱ्या काकांसाठी. आंधळी होत चाललेल्या मास्तरीणबाईंसाठी, प्रभू, तिची नजर जाण्याआधी तिला ते तळं दाखव. एकेक माणूस बाईंच्या काळजात रुतत होतं. एक हाक मारली असती तर सगळे वाचले असते.

बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

आमेन झाल्यावर पाळकसाहेबांनी माणसं मोजली, परत मोजली. त्यांचा चेहरा उतरला. "अगं, ही कुठे गेली? तू पाहिलंस तिला?"

"नाही," पाळकबाई म्हणाल्या. "मी प्रार्थना करत होते."