कोंडलेला उंट

"घे ना गा, घे! फुकटात प्यादं देऊन राहिलो!" बाबनरावांनी उंटापुढचं प्यादं दोन घरं सारलं आणि मिलच्या क्लबात हशा पिकला.

ईश्वरदास हसला नाही. राजापुढचं प्यादं एक घर हलवून त्याने वजिरापुढच्याला टेकू दिला. एकवीस वर्षं तो हेच करत आला होता. दिलेलं प्यादं घेतलं की पटाची मधली घरं समोरच्याला आंदण जातात, हे खरं. पण मूळ कारण स्वभाव. कुणी प्रसादाचा पेढा पुढे केला तरी हा आधी देणाऱ्याचा चेहरा न्याहाळी. उमरेडचा हातमाग सोडून मिलच्या मागावर उभा राहिल्यापासून त्याला कुणाचाच भरवसा वाटत नव्हता.

या डावात खोट एकच, आपलाच उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. तो सुटेपर्यंत दम धरायचा. ईश्वरदासकडे दम मोप होता, फक्त स्पर्धेची ढाल कधी घरी आली नव्हती. ती दरसाल बाबनराव नेत. येत्या दिवाळीला ते रिटायर होणार, म्हणजे आजचा अंतिम डाव ही त्यांना हरवायची शेवटची संधी.

शिवाय बाबनरावांवर आताशा त्याचा वेगळाच संशय होता. ते कापड तपासनीस. गेल्या महिन्यात त्यांच्या हातून भोकं पडलेले तागे पास झाले आणि विणाई खात्याचे प्रमुख, मास्तर मधुकरराव यांनी चौकशी लावली. 'जॉबर मुकादमाशी साटंलोटं असनार,' असं ईश्वरदासने बायकोला ठासून सांगितलं होतं.

अठ्ठाविसाव्या खेळीला त्याचा उंट सुटला. पटाच्या टोकाकडून तिरकी वाट मोकळी झाली, आणि बाबनरावांनी आपला वजीर नेमका त्याच वाटेवर आणून ठेवला. पाठीशी कुणी नाही.

ईश्वरदास पटावर वाकला. सापळा! त्याने घोडे पाहिले, हत्ती पाहिले, पुन्हा पाहिले. सापळा कुठेच नव्हता. मग काय, जाता जाता हा माणूस ढालीची भीक घालतोय? त्याचं डोकं तापलं.

"नत्थूजी, सगळ्यायले चहा देल्ला, मलेच काहून नाही गा?" बाबनराव शिपायाला म्हणाले.

चहा त्यांच्या डाव्या हाताशीच होता. केव्हाचा. वर साय धरली होती.

ईश्वरदासने चहा पाहिला, मग उंट पाहिला. उंटही बाबनरावांच्या डाव्या अंगालाच होता. त्याला ते तागे आठवले आणि स्वतःची लाज वाटली. माणूस लबाड नव्हता. त्याला डावीकडचं दिसत नव्हतं. पाठीमागे मधुकरराव उभे होते. आता वजीर मारला तर त्यांच्या हे ध्यानात येणार, आणि मग बाबनरावांना दिवाळीपर्यंत कोण ठेवून घेतो?

त्याने एक प्यादं पुढे सारलं. उंटाची वाट पुन्हा बंद झाली.

"अरे, वजीर फुकट होता की!" मधुकरराव ओरडले.

"बाबनराव देऊन राहिले म्हन्जे पेच असनारच, साहेब. मी फुकटचं घेत नाही."

सगळे पोट धरून हसले. बाबनरावांनी तेवढ्यात मान पूर्ण डावीकडे वळवली. त्यांना उंट दिसला. चेहरा उतरला.

"हो... पेचच होता," ते म्हणाले. "लय संशयी मानूस गा तू."

ईश्वरदासने तो गार चहा त्यांच्या उजव्या हाताशी सरकवला आणि हरायला बसला.