फिरता सोफा आणि पिवळी खोली

मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हटलं, की आपल्याला आपल्याच घराची लाज वाटू लागते. ज्या खुर्चीवर बसून वर्षानुवर्षं चहा प्यायलो, तीच खुर्ची त्या दिवशी डोळ्यांत खुपते. जवाहरनगरच्या कारखान्याच्या वसाहतीत एका लाइनीतल्या क्वार्टरवाल्यांनी १९८४ च्या सुमारास यावर एक सोपा तोडगा काढला होता. तो तोडगा म्हणजे भैय्यालालचा सोफा!

नागपूरहून आणलेला मरून रेक्झिनचा तो सोफासेट. कुणाच्याही मुलीला पाहायला पाहुणे यायचे असले, की चार माणसं तो उचलून त्या घरी नेत, आणि पाहुणे गेले की संध्याकाळी परत आणून ठेवत. भैय्यालाल मनाचा मोठा, कुणाला नाही म्हणत नसे. त्या सोफ्याने जेवढ्या मुली दाखवल्या, तेवढ्या एखाद्या मध्यस्थानेही दाखवल्या नसतील.

कारखान्यात फिटर असलेल्या केवळरामची उषा मॅट्रिक झाली होती. मोहाडीचे सेवकराम आपल्या मास्तर मुलाला, ताराचंदला घेऊन पुढच्या रविवारी तिला पाहायला यायचे होते. केवळराम आधी कुठे गेला असेल? भैय्यालालकडे! सोफा पक्का करूनच तो घरी आला.

शेजारच्या सुमनबाई तेव्हा केवळरामच्या बायकोसोबत, गोदावरीबाईंसोबत तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"केवळरामभाऊ, सोफा नका आणू."

"काहून? तुमच्या लीलाच्या वेळी तुमी बी तं आणला होता."

"आणला होता म्हणूनच सांगून राहिली," सुमनबाई म्हणाल्या. "पाहुण्यायले वाटलं, घर तालेवार आहे. लग्न झालं. पहिल्या दिवाळीले जावयानं तसाच सोफा मांगितला. आमी कुठून आणतो? दीड वर्ष झालं, पोरगी घरी बसली आहे. आमी खोटं बोललो नाही भाऊ, पण खोटं दाखवलं नं!"

लीलाचं दुःख सगळ्या लाइनीला माहीत होतं, पण त्याची मुळं सोफ्यात होती हे कुणी बोललं नव्हतं. केवळराम जरा वरमला. तरी त्याचा हट्ट सुटेना.

"मंग का तो मोडका बाक दाखवू? पोरीचं नशीब बाकावर टांगू का?"

स्वयंपाकघराच्या दारातून उषा म्हणाली, "बाबा, बाक मोडला नाही. नुसता त्याचा रंग गेला आहे."

शेवटी तडजोड झाली. आतल्या खोलीत मायलेकींनी काय करायचं ते करावं, पण समोरच्या खोलीत सोफाच येणार! बापाचा हुकूम तो. दुसऱ्या दिवशी उषेने पदर खोचला आणि आजोबांच्या वेळचा सागाचा बाक अंगणात ओढला. पॉलिशपेपरने घासघासून त्याचा जुना काळपट रंग उतरवला, भेगा लांबीच्या लगद्याने बुजवल्या, आणि हिरव्या ऑइलपेंटचा एक हात दिला. तो नीट वाळेपर्यंत ती भिंतींच्या मागे लागली. चुन्यात रामरज, म्हणजे ती स्वस्तातली पिवळी माती, गाळून टाकली आणि रंग हाताला लागू नये म्हणून सरस उकळून घातला. फाटक्या वेताच्या दोन खुर्च्यांना जुन्या खाटेची नवार विणली. पत्र्याच्या पेटीला त्यातलाच हिरवा रंग दिला आणि वर धुतलेली गोधडी घातली. शुक्रवारी बाकाला दुसरा हात देताना सुमनबाईंनी कुंचा हातात घेतला होता.

भैय्यालाल सोफ्याचं माप सांगायला आला, तो आतली खोली पाहतच राहिला. "वा रे बेटी! हल्दी लगे ना फिटकरी, रंग चोखा!" खर्चाशिवाय खोली उजळली, असं म्हणून तो हसला. केवळरामलाही बरं वाटलं होतं, पण सोफ्याचं तो बोलून बसला होता आणि चार लोकांत नाक वर ठेवायचं होतं.

रविवारी सकाळी सोफा आला. दुपारी पाहुणे आले. सेवकराम, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई आणि ताराचंद ऐसपैस बसले. भात यंदा कसा झाला, बस किती वाजता लागते, असं बोलणं सुरू झालं. उषा चहा घेऊन आली. तेवढ्यात सत्यभामाबाईंचा हात सोफ्याच्या काठावरून फिरला आणि एका जळक्या डागावर थांबला.

"अवो, दिवाळीनंतर आपण इकडंच एका घरी आलो होतो नं? तिथं बी असाच सोफा होता. डाग बी असाच होता."

सेवकराम खाकरले. गोदावरीबाईंचा चेहरा पांढरा पडला. एकाच दुकानचे असतील जी, असं केवळरामच्या जिभेवर आलंही होतं. इतक्यात त्याची नजर उषेकडे गेली. तिची मान खाली गेली होती. ती लाज पाहुण्यांमुळे नव्हती, बापामुळे होती!

केवळराम उभा राहिला.

"सोफा माझा नाही जी. शेजारच्या भैय्यालालचा आहे. तुमी आले म्हणून आणला. चुकलं माझं."

केवळरामला वाटलं, आता हे उठणार, आणि पोरीचं जमत आलेलं आपल्याच हातानं मोडलं.

"मंग तुमचं का आहे?" सेवकरामांनी विचारलं.

"आमचं आतल्या खोलीत आहे."

"तं तिथंच बसू नं," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि आपला कप घेऊन उठल्याच!

आतली पिवळी खोली उन्हाने भरली होती. सत्यभामाबाईंनी भिंतीला बोट लावलं आणि बोट पाहिलं. "पिवळा हाताले लागत नाही. का टाकलं यात?"

"सरस उकळून टाकला जी. अन् रामरज दोनदा गाळली," उषा म्हणाली.

ताराचंदने बाकावरून हात फिरवत पहिल्यांदाच तोंड उघडलं. "हा तुमीच घासला?" मुलींना नाव काय आणि स्वयंपाक येतो का, याच्या पलीकडे कोण विचारतं? उषेने मान वर केली आणि सागाच्या त्या बाकाची सगळी हकीकत सांगितली. बोलताना ती चाचरली नाही.

मग केवळराम म्हणाला, "या खोलीत दिसते तेवढंच आहे माझ्याजवळ. आंदनात सोफा-बिफा भेटणार नाही. पटत असन तं सांगा."

सेवकराम पेटीवरच्या गोधडीवर टेकले. "खरं सांगू का? तो सोफा पाहून मी मनातल्या मनात आंदनाची यादी लांबवून राहिलो होतो."

"यादी राहू द्या, बाबा," ताराचंद म्हणाला. "मले पोरगी पसंत आहे. तिले मी पसंत आहो का, तेवढं विचारा."

उषेचं लग्न वैशाखात झालं, साधंच झालं. आंदनाची यादी कुणी काढली नाही. त्यानंतर लाइनीत कुणाकडे पाहुणे येणार असले की केवळराम न बोलावता हजर होई, भिंत पाही, चुना किती लागेल ते सांगे. भैय्यालालचा सोफा भैय्यालालच्याच घरी राहू लागला. उषेच्या लग्नात हळद लावायला लीलाही आली होती. आली ती आईच्याच घरून, आणि लग्न लागल्यावर आईच्याच घरी परत गेली.

बंधुभगिनींनो, पाहुणे येणार असतील तर भिंतीला जरूर चुना लावा, बाक घासा, खुर्ची विणा. आपल्या हातांनी नीटनेटकं केलेलं गरीब घर दाखवण्यात कसलाही कमीपणा नाही. उसना सोफा मात्र दारात येऊ देऊ नका. सोफा संध्याकाळी परत जातो. त्याने दाखवलेलं खोटं पोरीबरोबर सासरी जातं!