वाळूतलं गोडं पाणी

माझा स्वभाव तापट आहे, आणि चूक कबूल करायची वेळ आली की तो जास्तच तापतो. म्हणून आधीच सांगून टाकतो: अंबिकाकाकीची विहीर मी बिघडवली. समुद्रानं नाही, नशिबानं नाही. मी, राजाराम, परळचा गिरणी कामगार आणि आमच्या चाळीतल्या तालमीचा वस्ताद.

छप्पन सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती. दादरच्या एका मोर्चात मीही होतो. पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि माझी सगळी वस्तादी डोळ्यांवाटे वाहून गेली. काही दिसेना. धावत सुटलो तो चौपाटीलगतच्या एका नारळाच्या वाडीत शिरलो. तिथं एका बाईनं मला दंडाला धरून विहिरीपाशी बसवलं आणि डोळ्यांवर कळशीभर पाणी ओतलं. थोडं तोंडात गेलं. गोडं, थंडगार! समुद्र तर पन्नास पावलांवर.

"इथं गोडं पाणी कसं?" मी डोळे चोळत विचारलं.

"डोळे चोळू नको रे. पी आधी. चौकशा मागनं."

ती अंबिकाकाकी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक अलिबागला दिलेली. वाडीत एकटीच राहून अबोली, मोगरा फुलवायची. त्या दिवशी तिनं तीस-चाळीस जणांचे डोळे धुतले आणि एकालाही नाव-गाव विचारलं नाही. पुढं मी अधूनमधून तिच्याकडे जाऊ लागलो. गेलं की हातावर गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी ठरलेलं.

आता माझं शहाणपण ऐका. त्याच वर्षी दिवाळीनंतर तालमीत नवा मल्लखांब रोवला. पडणाऱ्याचं हाड मोडू नये म्हणून खाली वाळू हवी होती. माझा दोस्त दगडू बैलगाडी हाकायचा. तो म्हणाला, "वस्ताद, चौपाटी पडलीय ना! वाळूला कोण विचारतो?" गेलो, तेही ओळखीच्या जागी. काकीच्या वाडीसमोर वाळूचं मोठं टेकाड होतं, त्यावर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली. काकी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. आम्ही वेल उपटून फेकली आणि टेकाड खणलं. मग चाळकरी म्हणाले, पावसात अंगणात पाणी तुंबतं, तिथंही टाका. दोन महिने दर रविवारी गाड्या भरल्या. काकी परतली तेव्हा टेकाडाच्या जागी खळगा होता.

उन्हाळ्यात मी तिला तालमीच्या कार्यक्रमाचं बोलावणं करायला गेलो. तिनं हातावर गूळ ठेवला आणि नुसतीच बसून राहिली.

"काकी, पाणी?"

"द्यायच्या लायकीचं राहिलं नाही रे. मचूळ झालंय." तिनं खळग्याकडे बोट दाखवलं. "पावसाचं पाणी त्या वाळूत मुरायचं, तेच माझ्या विहिरीत यायचं. वेलीनं वाळू धरली होती म्हणून खारं पाणी पलीकडे थांबलेलं. कोणा मेल्यानं टेकाडच नेलं. आता उधाणाची लाट कुंपणाला लागते. कुर्ल्यांची बिळंसुद्धा गेली. अबोली जळाली बघ. पाऊस सरला की लेकीकडे जाईन, कायमची."

"समुद्राचा काय भरवसा, काकी," असं म्हणून मी सटकलो. तोंडातला गूळ गिळवेना.

घरी आईला सांगितलं. माझी आई कौसल्या वेंगुर्ल्याकडची, तिची जीभ माझ्यापेक्षा तिखट. "मेल्या, तुझ्या डोळ्यांका पाणी कोणी लावलेला, इसारलंस?" मी तिच्यावर ओरडलो. ती जेवली नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर गिरणीतून थेट वाडीत गेलो आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. मला वाटलं, काकी हाकलून देईल.

"फावडं आहे ना तुझ्याकडे?" एवढंच म्हणाली.

पावसाआधी वाळू परत नेली. चाळीनं कुरकुर केली, पण मल्लखांबाखाली पेंढ्याच्या गोण्या घातल्या आणि अंगण पुन्हा होतं तसं झालं. काकीनं कुंपणाशी उरलेल्या मर्यादवेलीची कांडं तोडून दिली, ती आम्ही टेकाडावर टोचली. पहिल्या पावसात अर्धी वाळू समुद्रानं ओढून नेली. मी डोकं धरून बसलो. "वेल रुजतेय का बघते, मग जाते," असं म्हणत काकी थांबली. वेल रुजली. ती सगळीकडे पसरायला दुसरा पावसाळा उजाडला. काकी जायचं नाव काढेना, आणि मीही विचारलं नाही.

अठ्ठावन्नच्या गणपतीत आम्ही विसर्जनाला मुद्दाम काकीच्या वाडीसमोरच गेलो. विसर्जन झालं की किनाऱ्याची मूठभर वाळू पाटावर ठेवून घरी आणायची, ही आमची रीत. पण मी पोळलेला माणूस. सगळ्या चाळीला दम भरला, "वाळूचा कण उचलायचा नाही!"

"रिकामो पाट घराक नेऊचो नाय!" आई भर चौपाटीवर कडाडली. मीही हटेना. आरत्या म्हणून म्हणून आमचे घसे बसले होते, तरी भांडणाला पुरेसे होते.

आवाज ऐकून काकी आली, कमरेवर कळशी घेऊन. कळशी खाली ठेवली, लाटेपाशी जाऊन मूठभर ओली वाळू घेतली आणि आईच्या पाटावर ठेवली.

"कौसल्याबाई, तुमच्या लेकाला मूठभर कळत नाही आणि गाडीभरही कळत नाही."

सगळी चाळ हसली. मीसुद्धा हसलो. मग काकीनं कळशी उचलली. "ओंजळ कर."

ओंजळ भरली. पाणी गोडं होतं, छप्पन सालासारखंच. ज्या बाईची विहीर मी नासवली तिनंच मला पुन्हा पाणी पाजलं, आणि या बाईचे उपकार मी कुठे फेडणार होतो? डोळे भरून आले तसे मी मनगटानं पुसू लागलो.

"डोळे चोळू नको रे," अंबिकाकाकी म्हणाली. "पी आधी."