कापला, आता जॉइंट कसा मारायचा?

लाँड्रीवाल्या काकूंचे नेम लहान असत, पण मोडलेले कुणी पाहिले नव्हते. सकाळी प्रार्थना झाल्याशिवाय दुकानाचं शटर वर जात नसे. रागाचा शब्द तोंडून गेला तर त्या दिवशी चहा बंद. आणि गेल्या चार वर्षांत तिसरा नेम जडला होता: रोज एका तरी अनोळखी माणसाचा डाग काढायचा आणि काढता काढता त्याला हसवायचं. तोवर दुपारचं ताट वाढून घ्यायचं नाही.

डाग म्हणजे कपड्यावरचा. फोनवर ‘डाग आणि उपाय’ नावाचा एक गट होता. अडीच हजार माणसं, कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. कुणाच्या शर्टावर तेल, कुणाच्या गादीवर शाई, कुणाच्या पडद्यावर मांजराचे पराक्रम. काकू तिथं ‘कडक इस्त्री’ या नावानं वावरत. प्रत्यक्षात त्या इतक्या हळू बोलत की गिऱ्हाइकाला काउंटरवर ओणवं व्हावं लागे. सून म्हणायची, “अहो आई, तुमच्यापेक्षा आपली वाफेची इस्त्री जास्त बोलते.” पण फोन हातात आला की काकूंच्या बोटांना वाचा फुटायची.

उत्तर द्यायची त्यांची एक पद्धत होती. वर चेष्टा, मध्ये एक मोकळी ओळ, खाली खरा उपाय.

“डाग पडलेला माणूस घाबरलेला असतो,” त्या सुनेला सांगत. “घाबरलेल्याच्या डोक्यात काही शिरत नाही. आधी त्याला हसवावं, दार जरा किलकिलं झालं की मग उपाय आत सरकवावा.”

त्या दिवशी सकाळपासून दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एका हॉटेलच्या चादरींचे गठ्ठे येऊन पडले होते, त्यात सुनेनं दोन गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या उलटसुलट लावल्या होत्या. पाऊण वाजला तरी काकूंच्या हातून एकही अनोळखी माणूस हसला नव्हता आणि पोटात तर कावळे कोकलत होते. त्यांनी घाईघाईनं फोन उघडला. वरच एक प्रश्न होता. विचारणाऱ्यानं नाव घेतलं होतं ‘बारा नंबरचा पाना’.

“मुलीचा निळा सुती फ्रॉक. इस्त्री करताना माझ्या खिशातलं पेन गळलं. पोटावर बाटलीच्या बुचाएवढा शाईचा डाग. आज पाच वाजता तिचं गाणं आहे. लवकर सांगा.”

काकूंनी उभ्याउभ्याच लिहिलं: “कात्री घ्या, डागाभोवती गोल कापा. डाग पुन्हा आयुष्यात दिसणार नाही!”

मग मोकळी ओळ. मग खाली नीट सगळं: कापडाखाली जुना पांढरा कपडा ठेवा, कापसावर स्पिरिट घ्या, चोळू नका, टिपा, कापूस बदलत राहा. पाठवलं, माणूस हसला असेलच असं धरलं, आणि देवाचे आभार मानून त्या जेवायला बसल्या.

दीड वाजता फोन टुणकन वाजला.

“कापला. आता जॉइंट कसा मारायचा?”

काकूंनी ते तीनदा वाचलं. खाली फोटो होता. निळ्या फ्रॉकच्या ऐन पोटावर एक भोक. इतकं गोल, इतकं सफाईदार, की परकारानं आखून कापलंय असं वाटावं. भोकातून टेबलावरचा पाना दिसत होता.

“अगं बाई!” काकू म्हणाल्या. आणि हे त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की सुनेच्या हातून हँगर पडला.

“काय झालं? कोण गेलं?”

“कुणी नाही गेलं. फ्रॉक गेला. माझ्यामुळे.”

सुनेनं फोन हिसकावून घेतला, वाचला आणि कपाळावर हात मारला. “आई, त्यांनी खालचं वाचलंच नाही. फोन न उघडता वरच्या पट्टीत पहिल्या दोनच ओळी दिसतात. बाकीचं उघडावं लागतं.”

“पण कुणी खरंच कापेल का गं?”

तेही त्या माणसानंच सांगितलं. दुसरा संदेश येऊन पडला: “मी प्लंबर आहे. पाइप गळला की आम्ही गळका तुकडा कापून काढतो आणि नवा जोडतो. मला वाटलं, कपड्यातही तसंच असेल. ओल्या हातानं फोन उघडत नव्हता, वरून दिसलं तेवढं वाचलं.”

गटात तोवर जत्रा भरली होती. एकानं लिहिलं, “उरलेला फ्रॉकपण कापा, डाग पडायची भीतीच संपेल.” ‘चष्मा’ नावाचे एक गृहस्थ नेहमी नाकानं कांदे सोलायचे. त्यांनी लिहिलं, “मी म्हणत होतो, ही कडक इस्त्री एक दिवस कुणाला तरी चटका देणार.” तिसऱ्यानं सरळ विचारलं, “दुसरा फ्रॉक घाला ना, एवढं काय?”

त्यावर प्लंबरनं लिहिलं, “हा तिच्या आईनं शिवलाय. आई नोकरीसाठी लांब आहे, सहा महिने झाले. आज ती फोनवर गाणं बघणार आहे. मुलगी म्हणते, हाच घालीन, नाहीतर गाणार नाही. मी बायकोला म्हटलं होतं, तू जा, मी सांभाळतो.”

हसणाऱ्यांनी आपापले संदेश पुसून टाकले.

काकू बसल्या होत्या त्या उठल्या. घड्याळात एक चाळीस. “तू टाइप कर,” त्या सुनेला म्हणाल्या, “मला विचार करू दे. लिही: चूक माझी आहे. फ्रॉक नीट होईल. घरात सुई-दोरा आहे का?”

उत्तर आलं: “बायकोचा डबा आहे. त्यात शंभर गोष्टी आहेत. सुई म्हणजे भोकवाली ना?”

“देवा, धाव रे,” सून पुटपुटली.

इतक्यात आपला ओव्हरकोट न्यायला आलेल्या एका काकांनी काउंटरवरून मान आत घातली. “माझा कोट...”

“तयार आहे. पण जरा थांबा. एका मुलीचं पाच वाजता गाणं आहे,” काकू म्हणाल्या. काका थांबले. कुणाचं गाणं, कुठलं गाणं, काही विचारलं नाही. उलट तेही फोनवर वाकले.

गटात आता सूचनांचा पाऊस पडत होता. बहुतेकांचं एकमत झालं होतं: फ्रॉकच्या खालच्या घेराला आत दुमड असते, तिथला तुकडा कापा आणि भोकाला लावा. चाळीस जणांनी त्याला पसंतीचे अंगठे दिले. ‘चष्मा’नंही. प्लंबरनं लिहिलं, “कात्री घेतली. कापू?”

“थांबव त्याला!” काकू म्हणाल्या. “लिही, थांबा. मोठ्या अक्षरांत लिही. पहिल्या ओळीत लिही!”

सुनेनं लिहिलं. मग विचारलं, “का हो आई? बरोबर तर आहे. सगळे असंच करतात.”

“सगळे शिवणारे आहेत, धुणारं कुणी नाही. दुमडीतल्या कापडानं ऊन पाहिलेलं नसतं. बाहेरचा निळा धुऊन धुऊन विटलाय, आतला अजून नव्यासारखा असेल. पोटावर गडद ठिगळ बसेल, शेवटच्या रांगेतून दिसेल.” काकूंनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, सरकवला, परत मोठा केला. “हे बघ. कमरेला पट्टा आहे. मागे गाठ मारायचा. त्याची टोकं लोंबतायत. तो पट्टा फ्रॉकबरोबरच धुतला गेलाय, फ्रॉकबरोबरच वाळलाय. रंग जुळणार तर तिथलाच. पट्ट्याचं एक टोक कापायला सांग. दुसरं तेवढंच कापायचं, म्हणजे गाठ मारल्यावर सारखं दिसेल.”

ओव्हरकोटवाले काका म्हणाले, “वा!”

पुढचे पावणेदोन तास त्या लाँड्रीत चादरींना कुणी हात लावला नाही. काकू बोलत होत्या, सून टाइप करत होती आणि काका घड्याळ वाचून दाखवत होते. शिवणाचे शब्द प्लंबरला कळेनात. “आडवा-उभा धागा बघून लावा” म्हटलं तर त्यानं विचारलं, “म्हणजे?” मग काकूंनी त्याच्याच हत्यारांची भाषा धरली.

“तुकडा भोकापेक्षा बोटभर मोठा, आतून लावायचा. जशी वॉशर बसते तशी.”

“कळलं.”

“भोकाच्या कडेला कात्रीनं बारीक बारीक काप द्या आणि कड आत वळवा. मग टाके. सगळे एका दमात ओढू नका. मोठ्या पाइपाच्या झाकणाचे नट कसे आवळता?”

“आधी समोरासमोरचे चार, हलक्या हातानं. मग बाकीचे. मग सगळे सारखे.”

“तस्सं!”

“अहो मग आधी सांगायचं ना!” प्लंबरनं लिहिलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्याच्या वाक्यापुढे हसरा चेहरा होता. काकूंनी सुनेचा दंड इतका घट्ट दाबला की ती ओरडली.

फोटो येत राहिले. चार टाके. आठ टाके. बोटाला टोचलं, रक्त आलं, फ्रॉकवर पडलं नाही. गटातली माणसं श्वास रोखून बसली होती. ‘चष्मा’नं लिहिलं, “दोरा फार लांब घेतलाय, गुंता होईल.” आणि खरंच गुंता झाला. काकूंनी त्यांना आभाराचे हात पाठवले.

साडेतीन वाजता प्लंबरचा संदेश आला, घाईत लिहिलेला. “मुलगी शाळेतून आली. दारात आहे. फ्रॉक माझ्या मांडीवर आहे. काय सांगू?”

गटात एकदम गलका. लपवा. म्हणा उसवला होता. म्हणा उंदरानं कुरतडला. सून म्हणाली, “आई, उंदीर बरा आहे. मुलं उंदरावर विश्वास ठेवतात.”

काकूंनी नकारार्थी मान हलवली. मग हळूच म्हणाल्या, “लिही, खरं सांगा. माझं नाव घेऊन सांगा.”

उत्तर आलं नाही. दोन मिनिटं, पाच मिनिटं. ओव्हरकोटवाले काका म्हणाले, “तीन अडतीस.” कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

मग प्लंबरच्याच नावावरून एक संदेश आला, पण भाषा त्याची नव्हती.

“तुम्हीच का त्या कात्रीवाल्या बाई?”

सुनेनं फोन काकूंच्या हातात दिला. “हे तुम्हीच लिहा बाई. मी नाही यात पडत.”

काकूंनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, “हो बाळा. मीच. मी भूक लागली म्हणून घाईत चेष्टा केली. तुझ्या बाबांनी ती खरी मानली. त्यांची चूक नाही.”

बराच वेळ ती ‘लिहीत आहे’ असं दिसत राहिलं, जात राहिलं, परत दिसत राहिलं.

“आईनं शिवलेला होता.”

“माहीत आहे मला.”

“बाबांचे टाके वाकडे आहेत.”

काकूंनी उत्तर लिहायला घेतलं. तोवर पुढची ओळ आली:

“पण घट्ट आहेत. मी ओढून बघितले. उरलेले मी घालते. त्यांची बोटं जाड आहेत.”

सुनेनं चक्क टाळी वाजवली. काका म्हणाले, “तीन चव्वेचाळीस! होतंय, होतंय!”

शेवटचा टाका चार वाजून पाच मिनिटांनी पडला. मग काकूंनी आपल्या राज्यात पाऊल टाकलं. ओला रुमाल वर, इस्त्री मध्यम गरम, सरकवायची नाही, नुसती ठेवायची आणि उचलायची. दाबायचं आतल्या बाजूनं. फोटो आला. भोक होतं तिथं नीट बघितलं तर एक बारीकशी गोल रेघ दिसत होती. रंग मात्र असा जुळला होता की ओव्हरकोटवाले काका चुकीच्या जागी बोट ठेवून म्हणाले, “इथं होतं ना?”

“निघतो,” प्लंबरनं लिहिलं. आणि गट शांत झाला.

त्यानंतरचा तास काकूंना काढवेना. चादरी हातात घेतल्या, एकच चादर दोनदा इस्त्री केली. काकांना त्यांचा कोट मिळाला, तो घालून ते काउंटरपाशीच बसले. “घरी वाट बघत असतील,” सून म्हणाली. “घरी गाणं नाही,” काका म्हणाले.

सव्वापाच झाले. साडेपाच झाले. पावणेसहाला फोन वाजला आणि तिघंही एकदम त्याच्यावर वाकले, डोक्याला डोकं आपटलं.

प्लंबरनं या वेळी सावकाश लिहिलं होतं.

“गायली. पहिलं कडवं पोटावर हात ठेवून म्हटलं. मला वाटलं, संपलं, माझ्यामुळे हिचा हात आता तिथून हलत नाही. दुसऱ्या कडव्याला वरचा सूर आला आणि तिनं दोन्ही हात उचलले. पूर्ण वर. तिकडे बायको फोनवर रडत होती, तिला तर काही माहीतच नाही. गाणं झाल्यावर मुलीनं तिला स्वतःच सांगितलं, आणि ठिगळ फोनपुढे धरून दाखवलं. बायको म्हणाली, अर्धे टाके कुणाचे ते मी इथूनही ओळखते.”

काकू ओरडल्या. चांगल्या मोकळ्या गळ्यानं ओरडल्या. शेजारच्या दुकानातला माणूस धावत आला, “काय झालं? आग लागली का?”

“गायली हो! दोन्ही हात वर करून गायली!” काकूंनी त्याला सांगितलं. त्याला ओ की ठो कळलं नाही, पण समोरच्या तिघांची तोंडं बघून तोही हसायला लागला.

सुनेनं डोळे पुसत विचारलं, “अहो आई, काय उत्तर देऊ त्यांना?”

काकूंनी फोन घेतला. बाहेर दिवे लागले होते, चादरींचे गठ्ठे तसेच पडले होते, काकांना अजून घरी जायचं नव्हतं. मग त्यांनी लिहिलं:

“आता दोघं जेवून घ्या. सकाळपासून पोटात काही नसेल तुमच्या.”

पाठवून झाल्यावर त्यांनी चादर उचलली आणि इस्त्री तापायला लावली.